‘जी घबराता है’चं मराठी काय?

माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी गेल्या महिन्यात शाळेत आली. मुलीच्या अभ्यासाची तक्रार असेल असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "मॅडम, मेरा जी घबराता है. रात को नींद नहीं आती." वुजू करताना ती वीस-वीस मिनिटं हात धुते, तरी पाकी झाली असं तिला वाटत नाही. सासूनं नजर उतरवली, एका आमिलानं तावीज दिला, शेजारणीनं इमान कमजोर असल्याचं सांगितलं.

ती एका डॉक्टरकडेही जाऊन आली होती. सोबत नवरा होता आणि बहुतेक तोच बोलला. डॉक्टरांनी विचारलं, "कशाला घाबरता? आणि एवढा नमाज-रोजा कशासाठी?" त्यानंतर ती तिकडे फिरकली नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. ‘जी घबराना’ म्हणजे घाबरणं नव्हे. जीव कासावीस होतो, छातीत कोंडल्यासारखं वाटतं, ते. त्यामुळे ‘कशाला घाबरता?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. ती कशालाच घाबरलेली नव्हती. नमाज सोडायला सांगणं हाही उपाय नव्हता. तिचा त्रास नमाजचा नाही, वसवशाचा आहे. दहाव्या शतकात अबू जैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानानं शरीराच्या आजारांबरोबर मनाच्या आजारांवरही ग्रंथ लिहिला आणि त्यात वसवशाचा वेगळा विचार केला. हजरत याकूब मुलाच्या दुःखात रडून रडून दृष्टी गमावून बसले, हे कुरआनात आहे. त्यांचं इमान कमजोर होतं, असं कोण म्हणेल?

आपल्या नागपुरात तर हे बोलणं आणखी सोपं असायला हवं. ताजुद्दीन बाबांना इंग्रजांच्या काळात 1892 साली इथल्याच पागलखान्यात टाकलं गेलं. 1908 पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं ते तिथं होते. आज ताजबागेत आपण त्यांच्या दर्ग्यावर मन्नत मागतो. पण घरातल्या बाईनं मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की लगेच म्हणतो, ‘लोक पागल म्हणतील, मुलींची लग्नं कशी होतील?’ दुआ जरूर मागावी. पण दवा घेणं म्हणजे दुआवरचा भरवसा उडणं नव्हे. अल्लाहनं प्रत्येक आजाराबरोबर इलाजही ठेवला आहे, ही शिकवण आपलीच आहे.

मिहानमध्ये आता एम्स आहे. मोमिनपुऱ्यातल्या बाईला ते दूर पडतं. मेट्रोनं खापरीपर्यंत आणि पुढे ऑटो, म्हणजे दिवस जातो. तरी एक सोय आहे. मोठ्या दवाखान्यात कोण कुठल्या विभागात चाललंय हे कुणी पाहत नाही. ‘शुगर दाखवायला जाते’ म्हणूनही निघता येतं. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जाताना तशी मुभा नसते.

मी मुस्लिम बायांसाठी वेगळा दवाखाना मागत नाही. मागणं साधं आहे. उर्दू समजणारी एक महिला समुपदेशक असावी. पहिली दहा मिनिटं बाईशी एकटीशी बोलावं. नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नये. रमजानात गोळी सहरी-इफ्तारच्या वेळेवर कशी बसवायची, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगावं. नाहीतर बाई महिनाभर गोळीच बंद करते. यात मेहेरबानी कसली? 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा धर्म, संस्कृती, लिंग असा भेद न करता, रुग्णाला आणि घरच्यांना मान्य होईल अशी सेवा द्यायला सांगतो. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती आणि गुप्तता हेही त्यातले हक्क आहेत.

आपल्या बाजूनंही काम आहे. इमामसाहेबांनी एखाद्या जुम्म्याला यावर बोलावं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो. तो मदरशात, शिवणवर्गात, शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

तिचा नवरा आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम साथ में हैं तो ठीक है." येत्या सोमवारी आम्ही दोघी मिहानला जाणार आहोत. तिला काय काय होतं ते तिनं उर्दूत लिहून आणलंय. शेजारी मी मराठी लिहितेय. अजून अर्धं पान बाकी आहे.