केटामाइनची गुंगी, यकृतावर नजर

केटामाइन हे भूलतज्ज्ञांचे जुने आणि भरवशाचे औषध. १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. इतर भुलीच्या औषधांच्या तुलनेत ते श्वास कमी दाबते, रक्तदाबही सहसा उतरू देत नाही. म्हणूनच अपघातग्रस्तांसाठी ते वरदान ठरले. मात्र शस्त्रक्रियेपुरता एखादा डोस देणे वेगळे आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ते पंपाने दिवसेंदिवस देत राहणे वेगळे.

हा फरक कोविडकाळात ठळक झाला. गुंगीच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडल्याने अनेक देशांच्या अतिदक्षता विभागांत केटामाइनचा वापर वाढला. झुरिचच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये आपल्या कोविड रुग्णांची आकडेवारी मांडली. केटामाइनची मात्रा जितकी जास्त, तितके बिलिरुबिन वाढलेले, असे त्यांना आढळले. काही रुग्णांच्या पित्तनलिका कायमच्या आक्रसतात. मग कावीळ हटत नाही आणि क्वचित यकृत प्रत्यारोपणाची वेळ येते.

दोष एकट्या केटामाइनचा, असे मात्र म्हणता येणार नाही. पित्तनलिकांना रक्त मुख्यतः यकृताच्या रोहिणीतूनच मिळते. रक्तदाब घसरला की त्यांची उपासमार होते. त्यात जंतुसंसर्ग आणि खुद्द कोविड. शिवाय जास्त अत्यवस्थ रुग्णालाच गुंगीचे औषध जास्त लागते. तरीही संशय फिटत नाही. कोविडच्या कितीतरी आधी, २०११ मध्ये, नेदरलँड्समधील डॉक्टरांनी जुनाट वेदनेच्या रुग्णांवरचा अनुभव नोंदवला होता. सोळा दिवसांच्या अंतराने दोनदा दीर्घकाळ केटामाइन दिलेल्या सहांपैकी तिघांच्या यकृताला इजा झाली आणि प्रयोग थांबवावा लागला. नशेसाठी केटामाइन घेणाऱ्यांमध्येही पित्तनलिका फुगल्याचे दिसले आहे.

म्हणून औषधावर बंदी नको, शिस्त हवी. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस आणि ते चालू असेपर्यंत बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी यांची नियमित तपासणी. आकडे चढू लागले की पर्यायी औषधाचा विचार लगेच व्हावा. रुग्ण घरी गेल्यावरही खाज, कावीळ किंवा थंडी वाजून ताप आल्यास यकृततज्ज्ञाला दाखवायला हवे. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर कोणते गुंगीचे औषध किती दिवस दिले, एवढी एक ओळ असावी. ती लिहायला मिनिटही लागत नाही. ती नसेल, तर पुढच्या डॉक्टरला आजाराचे मूळ शोधण्यात महिने घालवावे लागतील.