गियर आपला, टाच यंत्राची

हाताने गियर बदलावयाच्या वेगवान मोटारींत इंजिनाचे फेरे आपोआप जुळवून देणारी योजना निसान कंपनीने २००८ साली ‘३७० झेड’ या गाडीबरोबर आणली. २०१७ साली होंडाच्या ‘सिव्हिक टाइप-आर’मध्येही ती आली. ही निर्भेळ प्रगती होय, असे तिचे कैवारी म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही.

आधी प्रकरण काय ते पाहू. धावती गाडी तिसऱ्या गियरातून दुसऱ्यात आणली की चाकांची गती तीच राहते, पण इंजिनास अधिक जलद फिरावे लागते. मिनिटास तीन हजार फेरे असतील, तर ते चार हजारांच्या वर जावे लागतात. हे अंतर भरून न काढता क्लच सोडला, तर चाके इंजिनास फरफटवितात. गाडीस हिसका बसतो, क्लच झिजतो आणि ओल्या वळणावर चाके घसरण्याचेही भय असते. म्हणून जाणता चालक उजव्या चवड्याने ब्रेक दाबता दाबताच त्याच पायाच्या टाचेने अॅक्सिलरेटर क्षणभर दाबतो. नव्या योजनेत हे टाचेचे काम संगणक करतो.

हे कसब शौकिनांनी शोधले नाही. मलकापुराहून मोताळ्यावरून बुलढाण्यास जाताना राजूर घाट लागतो. ज्या जुन्या ट्रकांच्या गियरपेटीत दात्यांची गती जुळविण्याची सोय नसे, ते असा घाट उतरताना ड्रायव्हरास कानाने इंजिन ओळखून ‘डबल क्लच’ मारावाच लागे. चुकला तर गियर पडत नसे आणि लादलेली गाडी उतारावर मोकळी सुटे. तेथे हौसेचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश गियरपेटी आणली आणि पुढे ती सोय सर्वत्र पसरली. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. पोटासाठी राबणाऱ्याचा भार हलका करणारे यंत्र धन्यच होय.

येथेच प्रतिपक्ष आम्हांस धरील: सिंक्रोमेश चालतो, मग हीच योजना का नको? उत्तर सरळ आहे. आज आपोआप गियर बदलणाऱ्या उत्तम गाड्या माणसाच्या हातापेक्षा जलद गियर बदलतात. तरीही कोणी हौसेने हाताचा गियर मागून घेतो, तो केवळ स्वतः करण्याच्या आनंदासाठी. त्या आनंदाचा गाभाच यंत्राच्या हवाली केला, तर हातात उरतो तो नुसता दांडा. गवयाने विजेचा तंबोरा साथीस घ्यावा, त्यात पाप नाही; पण ज्यास तारा जुळविता येत नाहीत त्याने आपल्या स्वरज्ञानाची प्रौढी मिरवू नये.

सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही उडवून लावीत नाही. मुलेबाळे बरोबर असता पावसाळी घाटात कसब दाखविण्याचा हट्ट हा अविचारच. तेथे योजना खुशाल चालू ठेवावी. आमचे भांडण सक्तीशी आहे. निसानने ती बंद करण्याची कळ चालकाच्या हाताशी ठेविली, हे योग्य केले. उलट २०१४ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ‘एम-३’मध्ये गाडीचा तोल राखणारी यंत्रणा पुरती बंद केल्यावाचून ही योजना बंद होत नसे. शिकावयाचे असेल तर संरक्षण सोडा, असा हा न्याय!

अशा गाड्या आमच्या वऱ्हाडात क्वचितच दिसतात, मग हा खटाटोप कशास, असे वाचक विचारतील. यंत्राने माणसाचे काम करावे, याची आम्हांस तक्रार नाही. ते काम करून त्याचे श्रेय मात्र गुपचूप माणसाच्या पदरात टाकते, हा खरा धोका आहे. प्रत्येक गियर लोण्यासारखा पडू लागला की आपणास काय येत नाही, हेच आपणास कळेनासे होते. अज्ञान जाणवले तर माणूस शिकतो. जे जाणवतच नाही त्यावर उपाय नाही. म्हणून ज्यास अशी गाडी लाभेल त्याने ती कळ आधी बंद करावी, मोकळ्या जागी हिसके सोसून पाय तयार करावा, आणि मगच यंत्राची टाच उसनी घ्यावी.