यकृतातील गाठ आणि आपली घाई

सोनोग्राफीचा अहवाल पुढे करून ‘यकृतात गाठ आहे, काही काढा द्या’ असे म्हणणारा रुग्ण आपल्या चिकित्सालयात आता नवा नाही. पुष्कळदा ती गाठ हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असते. ती वाढत नाही, आणि औषध लागू पडल्याचे समाधान वैद्य व रुग्ण या दोघांनाही मिळते. या समाधानाची सवय किती घातक, हे आम्ही स्वतःच्या प्रमादावरून लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी 22 वर्षांचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. उजव्या कुशीत जडपणा, अग्निमांद्य, किंचित कृशता. मद्यपान नाही, कावीळ नाही; हिपॅटायटिस बी व सी नाही; अल्फा फीटोप्रोटीन प्राकृत. सोनोग्राफीच्या अहवालात लिहिले होते : ‘बहुधा फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया; त्रिचरण सी.टी. करावा.’ हा सौम्य विकार असून त्यात शस्त्रकर्म सहसा लागत नाही. आम्ही अर्धविरामापर्यंत वाचले आणि पाच महिने आरोग्यवर्धिनी व कुमार्यासव दिले. भूक सुधारली, गाठ वाढत राहिली. अखेर शस्त्रकर्मानंतरच्या ऊतिपरीक्षणात फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा निघाला.

एडमंडसन यांनी 1956 साली वर्णिलेले हे दुर्मिळ अर्बुद बहुधा तरुणांना, निरोगी यकृतातच होते, आणि त्यात अल्फा फीटोप्रोटीन सहसा वाढत नाही. ज्या गोष्टींनी आम्ही निश्चिंत झालो, तीच या व्याधीची लक्षणे होती!

प्रतिमेचे तत्त्व आपल्याला अवघड नाही. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रतिहारिणी सिरेतून मिळते, उरलेले यकृत धमनीतून. अर्बुद मात्र प्रायः धमनीवर पोसते. म्हणून शिरेतून रंजकद्रव्य देऊन धमनी, सिरा व विलंबित अशा तीन अवस्थांत चित्रे घेतात. पैसे वाचविण्यासाठी रंजकद्रव्याविना केलेला साधा सी.टी. येथे फारसा उपयोगी नाही. वरील दोन्ही गाठींत मध्यभागी व्रणवस्तू दिसू शकते. एम.आर.आय.च्या टी-2 चित्रात ती सौम्य गाठीत बहुधा उजळ, तर फायब्रोलॅमेलरमध्ये बहुधा काळी दिसते. खटिकाचे कण असतील तर संशय आणखी बळावतो. यकृतपेशी शोषून घेतात असे गॅडोक्सेटेट दिल्यास सुमारे 20 मिनिटांनी सौम्य गाठ सामान्यतः उजळ राहते, कारण तिच्यात कार्यक्षम यकृतपेशी असतात. अर्थात ‘बहुधा’ हा शब्द येथेही आहेच. शंका उरल्यास ऊतिपरीक्षणाला पर्याय नाही.

अगोदर रोगपरीक्षा, मग औषध, हा क्रम चरकांनी सूत्रस्थानातच घालून दिला आहे. त्यामुळे ‘यंत्राधीन वैद्य’ ही आपल्या संमेलनांत ऐकू येणारी टीका आम्हांस पटत नाही.

औषधालयाच्या मालकांसही एक विनंती. तोच रुग्ण यकृताच्या औषधाची तिसरी बाटली चिठ्ठीविना मागू लागला, तर तपासणी झाली का, एवढे अवश्य विचारावे. शिवाय कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे; गाठ विरघळविण्याची आश्वासने देणारी भित्तिपत्रके दुकानातून उतरवलेली बरी.

त्या विद्यार्थ्याच्या लसिकाग्रंथींत प्रसार आढळला. पाच महिन्यांपूर्वी तो होता की नव्हता, हे शल्यचिकित्सकांना सांगता आले नाही. त्याच्या वडिलांनी आम्हांस तेवढेच विचारले होते.