ठिगळ लावावे की भाग बदलावा?

संगणकातील दोष दूर करण्याच्या रीती दोन. एक, त्याला दिलेल्या सूचनांत दुरुस्ती करणे. दुसरी, सदोष भागच काढून नवा बसविणे. पहिलीला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. आपले ‘ठिगळ’ तेथे चपखल बसते. कोशातले जडजंबाल प्रतिशब्द हवेत कशाला?

१९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना असे आढळले, की इंटेल कंपनीचा पेंटियम प्रोसेसर काही भागाकार चुकीचे करतो. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागल्यास १.३३३८२ यावयास हवे, तेथे १.३३३७४ येई. भागाकारासाठी चिपमध्ये जे कोष्टक कोरलेले असते, त्यातील काही घरे रिकामी राहिली होती. यावरही ठिगळ निघाले. अडचणीचा भाजक दिसताच भाज्य व भाजक या दोहोंना एकाच अपूर्णांकाने गुणावे आणि मग भागावे! युक्ती मोठी सुंदर. परंतु ती प्रत्येक प्रोग्रॅममध्ये निराळी घालावी लागे. कंपनीने आरंभी, ज्यांना आपली गरज पटवून देता येईल त्यांनाच नवा प्रोसेसर देऊ केला. ग्राहक खवळले, तेव्हा डिसेंबरात मागेल त्याला तो विनामूल्य देण्याचे तिने मान्य केले आणि ४७.५ कोटी डॉलरांचा भार सोसला.

१९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरच्या अंतर्गत सूचना, म्हणजे ‘मायक्रोकोड’, बाहेरून सुधारता येऊ लागल्या. मग भाग बदलण्याची वेळ संपली काय? नाही. २०२४ साली त्याच कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर चालणारे प्रोग्रॅम मध्येच बंद पडू लागले. हे प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागून घेत आणि हळूहळू निकामी होत. ऑगस्टमध्ये ठिगळ आले. पण आधीच झालेली इजा त्याने भरून येत नाही, हे कंपनीनेही सांगितले. कौल नीट बसविल्याने कुजलेला वासा पूर्ववत होत नाही, तसेच हे. म्हणून हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली.

आपल्या घरी असा संगणक असल्यास प्रथम बायोस अद्ययावत करून घ्यावा. त्यानंतरही तो कोसळत राहिला आणि हमीची मुदत शिल्लक असली, तर पुनःपुन्हा विंडोज भरीत बसू नये; प्रोसेसर बदलून मागावा. तयार संगणक घेतला असेल, तर त्याच्या उत्पादकाकडेच जावे. सोबत खरेदीची पावती हवी, आणि हल्लीच्या पावत्यांची अक्षरे पुसट होत जातात, तेव्हा तिची छायाप्रत आजच काढून ठेवावी.