पान कापून विकलेले सागरी राक्षस (थ्रेड)

सोनाळ्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातील या गावात बसून 'सागरी बिशप', सात डोक्यांचा जलसर्प किंवा पंख पसरलेला समुद्री ड्रॅगन पाहायचा, तर तो मोबाइलच्या पडद्यावरच पाहावा लागतो. आणि तो रोज दिसतो. ऑनलाइन दुकानांत 'प्राचीन काष्ठचित्राची हुबेहूब प्रत' म्हणून. इतिहासप्रेमींच्या पानांवर 'मध्ययुगीन युरोपीय काय काय खरे मानत असत, पाहा' या मथळ्याखाली.

हा मथळा जवळजवळ प्रत्येक वेळी खोटा असतो. चित्र खरे असते, साल बहुधा खरे असते, पुस्तकही खरे असते. खोटी असते ती कात्री. पानावरचे चित्र ठेवून भोवतालचा मजकूर कापला जातो, आणि नेमके त्या मजकुरातच लेखकाने आपली शंका नोंदवलेली असते.

आधी तंत्राची गोष्ट, कारण बरेचसे उत्तर तिथेच आहे. काष्ठचित्रासाठी लाकडी पाटीवर चित्र काढून रेघांच्या मधला भाग कोरून टाकत. रेघ उंच राहते, शाई त्या उंच रेघेला लागते. अक्षरांचे खिळेही असेच उठावाचे. त्यामुळे ठसा आणि खिळे एकाच चौकटीत आवळता येतात. एकच शाई, एकच दाब, आणि चित्र व मजकूर एकत्र कागदावर उतरतात. ताम्रपटाचे तसे नाही. तिथे शाई खोदलेल्या रेघेत बसते आणि छपाईला वेगळे यंत्र लागते. सोळाव्या शतकातील निसर्गग्रंथांना काष्ठचित्र इतके सोयीचे वाटले, याचे एक मोठे कारण हेच: चित्र शब्दांच्या शेजारी राहू शकत होते. आजची 'हुबेहूब प्रत' ही जोडीच तोडते आणि तरीही हुबेहूब म्हणवते. वर जुनेपणासाठी कागदाला चहाचा रंग.

अशा प्रतींचा फार मोठा साठा ज्या एका ग्रंथातून येतो, तो म्हणजे कॉनराड गेसनरचा 'हिस्टोरिया अ‍ॅनिमालियम'. पहिला खंड १५५१चा, जलचरांचा चौथा खंड १५५८चा. (म्हणजे 'मध्ययुगीन' हा शब्दही चुकीचाच, हा प्रबोधनकाळ आहे.) गेसनर राहत होता झुरिकमध्ये. झुरिकलाही समुद्र नाही. सोनाळ्यातील वाचकाची जी अडचण आज आहे, तीच थोड्याफार फरकाने त्याचीही होती: ज्याच्या किनाऱ्यावर आपण राहत नाही, त्या समुद्राचे चित्र दुसऱ्याकडून घ्यावे लागते. तो मग पत्रे लिहीत असे, मित्रांकडून रेखाटने मागवत असे, इतरांच्या ग्रंथांतील चित्रे उचलत असे. आणि चित्र कोणाकडून आले, ते सांगत असे.

आता तो पंखवाला समुद्री ड्रॅगन घ्या. पसरलेले पंख, वळवलेली शेपटी, माणसासारखा वाटणारा भेसूर चेहरा. भिंतीवर लावायला उत्तमच. पण १५५८च्या खंडात हे चित्र ड्रॅगन म्हणून छापलेले नाही. ते छापले आहे फसवणुकीचा नमुना म्हणून. गेसनर तिथे सांगतो की औषधविक्रे व तत्सम लोक मेलेला पाकट मासा वाकवून, कापून, वाळवून त्याला सर्पाचा किंवा पंखधारी ड्रॅगनचा आकार देतात आणि भोळ्या लोकांना दाखवतात. कोकणातील वाचकाला पाकट ठाऊक असतो. इतरांसाठी एवढेच की या चपट्या माशाचे खरे डोळे पाठीवर असतात. पोटाकडून पाहिले की नाकपुड्याच डोळ्यांसारख्या भासतात आणि खाली तोंड असते. चेहरा आयताच मिळतो, उरलेले काम सुरीचे. मासा कापून ड्रॅगन करणाऱ्यांचे बिंग गेसनरने फोडले. पावणेपाचशे वर्षांनी त्याच्याच पानाचे तसेच केले जात आहे: इशारा कापला, ड्रॅगन ठेवला आणि ज्याने इशारा दिला त्यालाच अंधश्रद्धाळू ठरवले.

सात डोक्यांच्या जलसर्पाची कथाही तशीच. १५३० साली तो तुर्कस्तानातून व्हेनिसला आणला गेला आणि पुढे फ्रान्सच्या राजाकडे पाठवला गेला, किंमत सहा हजार डुकाट, अशी माहिती त्या चित्राबरोबर फिरत होती. गेसनर चित्र छापतो, माहिती देतो आणि पुढे म्हणतो की याचे कान, जीभ, नाक आणि चेहरे सर्पांच्या स्वभावधर्माशी जुळत नाहीत. म्हणजे वस्तू बनावट असावी. हा निष्कर्ष त्याने शरीररचनेवरून काढला.

उत्तर समुद्रातील अजस्र राक्षसांची चित्रे त्याने घेतली ओलाउस मॅग्नसच्या 'कार्टा मरीना' या नकाशावरून. हा नकाशा १५३९ साली व्हेनिसमध्ये नऊ लाकडी ठशांनी छापला गेला. गेसनर ही चित्रे देताना खरेखोटेपणाची जबाबदारी ओलाउसवर टाकतो, आणि ती प्रत्यक्ष प्राणी पाहून नव्हे तर खलाशांच्या सांगण्यावरून काढलेली दिसतात, असेही नोंदवतो. 'सागरी बिशप' आला गियोम राँदले या फ्रेंच वैद्याच्या १५५४च्या मत्स्यग्रंथातून. हा प्राणी १५३१ साली पोलंडमध्ये दिसल्याची वार्ता होती. राँदले सांगतो की चित्र त्याला रोममधील एका जर्मन वैद्याकडून मिळाले. या प्राण्याविषयीच्या काही गोष्टी आपल्याला कपोलकल्पित वाटतात म्हणून आपण त्या गाळल्या. आणि चित्र खरे की खोटे, याबद्दल आपण काहीच ठामपणे म्हणत नाही. आजच्या किती पोस्टखाली चित्र कोणाकडून मिळाले, एवढे तरी लिहिलेले असते?

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. गेसनरच्या प्रकाशकानेही मोठ्या ग्रंथातील चित्रे वेगळी काढून, थोडक्या मजकुरासह चित्रसंग्रह विकले. रंगवलेल्या प्रतीही विकल्या. तेव्हा चित्राचा बाजार आजचा नाही. शंका नोंदवूनही गेसनरने चित्र छापलेच, आणि वाचकाच्या स्मरणात शंका नव्हे, चित्रच राहते, हेही तो जाणत असणार. पण त्या चित्रसंग्रहांतही प्रत्येक प्राण्याजवळ त्याची वेगवेगळ्या भाषांतील नावे होती. प्राणी अनाथ नव्हता.

आता प्रश्न येतो की याचा आपल्या भागाशी काय संबंध. संबंध गोव्यातून सुरू होतो.

गुजरातच्या सुलतानाने, दुसऱ्या मुजफ्फरशहाने, अफोन्सो द अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. त्याचे वर्णन करणारे पत्र आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोहोचले. त्यावरून आल्ब्रेख्त ड्यूररने, गेंडा आयुष्यात कधीही न पाहता, आपले जगप्रसिद्ध काष्ठचित्र केले. अंगावर चिलखतासारखे पत्रे, आणि मानेमागे एक जादा छोटे शिंग, जे कोणत्याही गेंड्याला नसते. चित्राच्या माथ्यावर छापील मजकूर होता आणि त्यात साल चुकून १५१३ पडले आहे. आजच्या बहुतेक सजावटी प्रतींत हा मजकूर कापलेला असतो. हेच चित्र गेसनरने १५५१च्या खंडात घेतले आणि ते जादा शिंग दोन शतके पुस्तकांतून फिरत राहिले.

इथे थांबून पाहावे. एकाच ग्रंथमालेत एक खरा प्राणी आहे, गोव्याहून गेलेला, आणि त्याच्या चित्रात न घडलेले शिंग आहे. दुसरीकडे एक खोटा ड्रॅगन आहे, आणि त्याच्याजवळ तो खोटा असल्याचे अचूक स्पष्टीकरण आहे. दुकानदार पहिल्याला 'निसर्गचित्र' म्हणतो, दुसऱ्याला 'पौराणिक राक्षस'. विश्वासार्हता कुठे अधिक आहे, ते वाचकाने ठरवावे.

गोव्याचा दुसरा धागा याहून महत्त्वाचा आहे. १५६०च्या सुमारास मन्नारजवळ कोळ्यांच्या जाळ्यात 'जलमानव' आणि 'जलकन्या' सापडल्याची नोंद जेझुइट वृत्तांतात आहे. गोव्याच्या व्हाइसरॉयचा वैद्य दिमास बोस्के तेव्हा तिथे होता. त्याने ते प्राणी चिरून पाहिले आणि त्यांची आतली-बाहेरची रचना माणसाशी फार जुळते, असे मत दिले. हाच बोस्के १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधीग्रंथाच्या आरंभी वाचकांसाठी लिहितो. म्हणजे कोणी बाजारातला गारुडी नव्हे. ते प्राणी बहुधा ड्यूगॉंग असावेत. ड्यूगॉंग सस्तन आहे, त्याला फुप्फुसे आहेत, मादीचे स्तन छातीपाशी असतात. माशाची अपेक्षा ठेवून सुरी चालवणाऱ्या वैद्याला आत जे दिसले, ते माशाहून माणसाला खरोखरच जवळचे होते. त्याचा निष्कर्ष चुकला, निरीक्षण पुष्कळसे बरोबर होते. प्राणिशास्त्रानेही या गणाचे नाव पुढे 'सायरेनिया' ठेवले, जलकन्येवरूनच. तमिळनाडूने २०२२मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे ड्यूगॉंग संवर्धन क्षेत्र घोषित केले, ते याच प्राण्यासाठी. 'जलकन्या मानणारे मूर्ख' हा मथळा टाकला की बोस्केची सुरीही गेली आणि ड्यूगॉंगही गेला.

चुकीच्या निष्कर्षाला मूर्खपणा म्हणण्याची घाई बुलढाणा जिल्ह्याने तरी करू नये. लोणारचे विवर याच जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकातही कित्येक दशके अनेक भूशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखीचे मानत होते; १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अशनिपाताचा पुरावा भक्कमपणे मांडला. त्या भूशास्त्रज्ञांची चित्रे 'पाहा, हे काय काय मानत' म्हणून कोणी चहाच्या मगावर छापत नाही. छापूही नयेत.

याच्या उलट टोकाचीही एक पोस्ट फिरते. युरोपीय काष्ठचित्राशेजारी आपल्याकडचा मकर ठेवायचा आणि लिहायचे: 'त्यांना कळायच्या आधी आपल्याला ठाऊक होते.' काय ठाऊक होते? वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात गंगा मकरावर उभी आहे. तो मकर गंगेचे वाहन आहे, तिची ओळख आहे. त्याचे दात किती आणि तो काय खातो, हे सांगायला शिल्पकार तिथे बसलेला नव्हता. गेसनरचे पान मात्र नेमके तेच सांगायला बसले होते. भारहुतच्या शिल्पपदकात समुद्रातला महाकाय जलचर नाव गिळतो आहे. शेजारचा लेख सांगतो की वसुगुप्ताला तिमितिमिंगिलाच्या पोटातून महादेवाने सोडवले. तिथे तो लेख वाचल्यावाचून चित्राचा अर्थ लावण्याचे धाडस कोणताही अभ्यासक करत नाही. तोच नियम झुरिकच्या पानाला लावायला हरकत कसली? अभिमानाची कात्री उपहासाच्या कात्रीइतकीच धारदार असते.

या चित्रांवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. ती छापणे, विकणे, भिंतीवर लावणे यात गैर काही नाही. चित्रे सुंदर आहेत आणि लाकूड कोरणाऱ्या, बहुतांशी अनामिक हातांचे कौशल्य थक्क करणारे आहे. मागणी एवढीच आहे की प्रत विकणाऱ्याने मागच्या बाजूला ग्रंथकार, ग्रंथ, साल, पृष्ठ आणि मूळ मजकुराचा दोन ओळींचा सारांश छापावा. शाई फार लागत नाही. पोस्ट टाकणाऱ्याला तर तेवढीही लागत नाही.

आणि 'मूळ ग्रंथ गावात कुठून मिळणार' ही सबब आता उरलेली नाही. गेसनरचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर पूर्ण पानांसह, विनामूल्य आहेत. भाषा लॅटिन आहे, पण यांत्रिक भाषांतर आज ओबडधोबड का होईना, अर्थ पोहोचवते. सोनाळ्यातून १५५८चा खंड उघडावा, पाकटांचे प्रकरण शोधावे आणि ड्रॅगनच्या चित्राभोवतीच्या ओळी वाचाव्यात. पान मोठे आहे. मोबाइल आडवा धरावा लागेल.