सामना पडद्यावर, भार इंटरनेटवर

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताला ऑस्ट्रेलियाकडून पराभव पत्करावा लागला. त्याच दिवशी डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी सामना पाहणाऱ्यांची संख्या ५ कोटी ९० लाखांवर पोहोचली. चार दिवस आधी मुंबईच्या वानखेडे मैदानावरील उपांत्य सामन्यात हा आकडा ५ कोटी ३० लाख, तर २०१९ च्या विश्वचषकातील उपांत्य सामन्यात २ कोटी ५३ लाख होता. मोबाइलवर विनाशुल्क प्रक्षेपण आणि २०१६ नंतर स्वस्त झालेला डेटा ही या वाढीची प्रमुख कारणे होत.

दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांतील मूलभूत फरक येथेच स्पष्ट होतो. उपग्रहाचा एकच संकेत कितीही घरांत पोहोचतो. प्रेक्षक वाढल्याने त्यावर भार पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. दर प्रेक्षकामागे सेकंदाला केवळ १ मेगाबिट गृहीत धरले, तरी ५ कोटी ९० लाख प्रेक्षकांसाठी सेकंदाला ५९ टेराबिट क्षमता आवश्यक ठरते. हा भार विभागण्यासाठी सामन्याच्या प्रती शहरोशहरीच्या सर्व्हरवर ठेवल्या जातात.

यंत्रणेची खरी कसोटी मात्र चढउतारांच्या वेळी लागते. २०१९ च्या उपांत्य सामन्यात महेंद्रसिंग धोनी धावबाद होताच प्रेक्षकसंख्या झपाट्याने घसरली. सामना सोडणारे लाखो प्रेक्षक एकाच वेळी ॲपच्या मुखपृष्ठावर परततात आणि तेथील सर्व्हरवर अचानक ताण येतो.

शेवटच्या टप्प्यातील अडचण वेगळी आहे. मोबाइल मनोऱ्याची क्षमता परिसरातील सर्वांत वाटली जाते. वाराणसीतील मुन्शी घाटासारख्या, सायंकाळी दशाश्वमेध घाटावरील आरतीची गर्दी उसळणाऱ्या भागात सामना पाहणाऱ्यांची भर पडल्यास चित्र अडखळणे स्वाभाविक आहे. त्याच मनोऱ्यावरून पैसे पाठवणाऱ्या दुकानदारालाही त्याची झळ बसू शकते.

या पार्श्वभूमीवर २००७ च्या क्रीडा प्रक्षेपणविषयक कायद्याचे महत्त्व लक्षात येते. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे थेट प्रक्षेपण प्रसार भारतीला उपलब्ध करून देणे या कायद्याने बंधनकारक केले. त्यामुळे असे सामने डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काविना पाहता येतात. इंटरनेटवरील विक्रमी आकडे प्रगतीचे द्योतक आहेत, यात शंका नाही. तथापि, ज्यांच्यापर्यंत भक्कम नेटवर्क पोहोचलेले नाही, त्यांच्यासाठी उपग्रहाचा तो एकच संकेत आजही सर्वाधिक भरवशाचा ठरतो.