दहा वर्षांच्या अटीत अडकलेली गावाकडची मुलं

कर्नाटकात सीईटीतून होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांत ग्रामीण विद्यार्थ्यांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. मुख्य अट अशी की पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं, ग्रामीण हद्दीतल्या शाळेत शिकलेलं असावं. ही सवलत टिकायलाच हवी. पण बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळी तालुक्यात पाहिलं, तर ज्यांच्यासाठी ती आहे तीच मुलं या अटीमुळे बाहेर पडतात.

१. अनेक गावांत सरकारी शाळा सातवीपर्यंत, फार तर आठवीपर्यंत. गावात हायस्कूल नसलं की पोरं बसने देवनहळ्ळीला जातात, आणि देवनहळ्ळी म्हणजे नगरपालिका हद्द. ग्रामीण अभ्यासाच्या दाखल्यावर इयत्तावार शाळा आणि ठिकाण लिहितात, मुख्याध्यापक सही करतात, गटशिक्षणाधिकारी प्रतिस्वाक्षरी करतात. आठवी, नववी, दहावीपुढे शहराचं नाव आलं की आधीची सात वर्षं फुकट! मुलगी संध्याकाळी गावात परतून गुरांचं शेण काढते आणि कागदोपत्री शहरी ठरते.

२. उलट, याच तालुक्यात विमानतळाच्या आसपास पंचायत हद्दीतल्या महागड्या खासगी शाळेत दहा वर्षं काढलेलं मूल ग्रामीण. खुल्या गटाला उन्नत गटात नसल्याचा दाखला द्यावा लागतो हे खरं, पण त्यात शाळेचा दर्जा कुठे तपासला जातो?

३. ‘सगळ्या सवलती बंद करा, गुण बघा’ हे मला मान्य नाही. शिकवणी लावलेल्याचे आणि न लावलेल्याचे गुण एकाच मापाने मोजणं हा न्याय नव्हे. मात्र उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशांचं ग्रामीण आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये रद्द केलं होतं. खेड्यात राहणारे सगळे सारखेच मागास नसतात, हा त्यातला मुद्दा. म्हणून अट नेमकी हवी.

४. तमिळनाडूने २०२० मध्ये वैद्यकीय प्रवेशांत ७.५ टक्के जागा सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना दिल्या. शाळा कुठल्या हद्दीत, हा प्रश्नच उरला नाही. कर्नाटकाने निदान एवढं करावं: गावात हायस्कूल नसेल, तर जवळच्या शहरातल्या सरकारी हायस्कुलाची वर्षं ग्रामीण धरावीत. कुठल्या गावात हायस्कूल नाही, याची यादी शिक्षण खात्याकडे असतेच.

५. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी पालकांनीही ही मागणी उचलावी. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आरक्षण मराठी शाळेतल्या मुलांना मिळत नाही. त्यांना या दोहोंपैकी ग्रामीण कोटाच उरतो, आणि आठवीला खानापूर गाठलं की तोही जातो.